फोनिक्सची पुस्तकं छापलीत? आता अक्षरांचे पाय मोडा!

नमस्कार! फोनिक्सच्या व्हिडिओखाली दोनच प्रकारच्या कमेंट येतायत. एक, "पीडीएफची लिंक द्या." दुसरी, "सगळं छापलं, मूल तरी वाचत नाही." लिंक खाली दिलीय. आज बोलूया दुसऱ्या मंडळींशी.

पायाभूत गोष्टी पटकन. फोनिक्स म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून इंग्रजी शब्द वाचायला शिकणं. इंग्रजीत अक्षरं २६, आवाज साधारण ४४. सुरुवात एबीसीडीच्या क्रमाने नाही करायची. पहिल्या संचात एस, ए, टी, पी, आय, एन एवढीच अक्षरं हवीत. त्यांतून सॅट, पिन, टॅप, नॅप असे वीसेक शब्द होतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या 'स्पेल्ड एसए' या संस्थेची फुकट पुस्तकं याच अक्षरांपासून सुरू होतात. 'स्टोरीवीव्हर' या प्रथम बुक्सच्या संकेतस्थळावरच्या गोष्टी सुंदर असतात, पण बहुतेक पुस्तकं शिकवलेल्या आवाजांपुरती नसतात. ती तुम्ही वाचून दाखवा. पहिल्याच पुस्तकात 'एलिफंट' दिसला, तर कव्हरवर फोनिक्स लिहिलेलं असलं तरी ते फोनिक्स नाही. मूल हत्तीचं चित्र बघून शब्द ठोकून देईल आणि आपण टाळ्या वाजवू!

आता खरी अडचण. एसचा आवाज काय? "स" म्हणालात ना? चूक. स नाही, स्. पाय मोडलेला. आपल्या 'स'च्या पोटात 'अ' बसलेला असतो. मूल 'स, ॲ, ट' असं म्हणतं आणि जोडायला गेलं की 'सअॲटअ'. शब्दात आवाज तीन, तुम्ही हातात दिले पाच. मग "याचं लक्षच नसतं" म्हणून पाठीत धपाटा त्याला! जोडणी बरोबर करतंय हो ते, सामान चुकीचं मिळालंय.

पाय मोडणं जमत नसेल तर मराठी शब्दाचं शेपूट धरा. 'बस' म्हणा आणि शेवटी थांबा. तो स् बघा, 'अ' नाही त्यात. 'पोट'मधला ट्, 'नाक'मधला क्, 'बाप'मधला प्. लिहितो आपण पूर्ण अक्षर, पण बोलताना शेवटचा 'अ' आपणच गिळतो. म्हणजे हे तोंडाला येतंच. आजीलासुद्धा दोन मिनिटांत समजावता येईल, आणि समजवाच, कारण दुपारी अभ्यास तीच घेते.

कुणीतरी लिहिलंय, "एवढ्याशा 'अ'ने काय बिघडतं?" बिघडतं. इंग्रजीत तो 'अ' जवळपास यूचा आवाज आहे: कप, सन, बस. म्हणजे 'ब, ॲ, ट' शिकवताना तुम्ही 'बॅट'मध्ये एक यू घुसवताय. मुलाला 'बॅट' कुठला आणि 'बट' कुठला, कळणार कसं?

ब्, ड्, ग् मात्र कितीही पाय मोडला तरी थोडा 'अ' सोडतातच. तिथे हट्ट नको. ते एकटे म्हणूच नका. थेट पुढच्या स्वराला चिकटवा: बॅ… ट्. आणि पहिले शब्द एस, एनचे घ्या, पुढच्या संचांत एम, एफचे. हे आवाज ताणता येतात: म्‌म्‌म्‌ॲॲन्, मॅन. मध्ये श्वास घेऊ नका, तुटलं की गेलं.

छपाई. आठ पानी पुस्तक दोन ए-फोर कागदांवर, आडवं. पहिल्या कागदाच्या एका बाजूला ८ आणि १, मागे २ आणि ७. दुसऱ्यावर ६ आणि ३, मागे ४ आणि ५. दोन्ही बाजूंनी छापताना 'शॉर्ट एज'वर पलटायला सांगा. स्टेशनबाहेरचा झेरॉक्सवाला गर्दीत 'लाँग एज' ठेवून देतो आणि मागची पानं उलटी येतात. आधी एकच प्रत काढून बघा. अमेरिकन फाइल असेल तर कागद 'लेटर' मापाचा धरलेला असतो; तो ए-फोरपेक्षा रुंद, म्हणून 'फिट' निवडा, नाहीतर कडेचं अक्षर कापलं जातं. पावसाळ्यात इंकजेटची शाई ओल्या बोटाने फरफटते, तेव्हा लेझर प्रिंटच घ्या. साध्या स्टेपलरचा हात मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. सुईने तीन भोकं पाडून दोरा ओवा.

वाचायला बसताना चित्रावर चिठ्ठी चिकटवा. आधी वाचन, मग चिठ्ठी काढायची. 'द', 'टू', 'वॉज' यांसारखे हट्टी शब्द आले तर सरळ सांगून टाका, फोडायला लावू नका.

आणि ज्यांनी विचारलंय "दिवसाला किती पुस्तकं?", एक. तेच पुस्तक उद्याही. न अडखळता वाचलं की पुढचं छापा.