कलमाचा आंबा आणि उंदराची प्लीहा

(रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पाऊस लागला की खाचरात बेडकाची शेपटीवाली पिल्लं वळवळताना आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. ती शेपटी तुटून पडत नाही, जागच्या जागी विरून जाते. १९६२ साली बोस्टनमध्ये जेरोम ग्रॉस आणि लापियेर यांनी अशा शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या, म्हणजे कातडी-हाडं बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या, जेलवर ठेवले. तुकड्यांभोवतीचं जेल विरघळलं आणि कोलॅजेन कापणारं एन्झाइम सापडलं. आज त्या घराण्याला मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज म्हणतात, थोडक्यात एमएमपी. माणसात ती २३ आहेत. जखम भरताना जुनं काढून नवं रचायला ती लागतात, आणि कर्करोगाला वाट करून द्यायलाही.

२३ भावंडं, चेहरे मिळतेजुळते. त्यांतलं एमएमपी-९ नेमकं ओळखायचं कसं? त्यासाठी अँटीबॉडी वापरतात, म्हणजे ठरावीक रेणूला जाऊन चिकटणारं, शरीरानेच बनवलेलं प्रथिन.

समोर बागायतदार बसलेत, म्हणून आंब्याकडे येतो. कोय रुजवून आलेला रायवळ, प्रत्येक झाडाची चव निराळी. सशाला एन्झाइम टोचून मग त्याच्या रक्तातून काढलेला सीरम तसाच: त्यात नाना अँटीबॉडी, प्रत्येकीची पकड वेगळ्या जागी, आणि पुढच्या सशाचा सीरम पुन्हा वेगळा. हापूसची कलमं मात्र शंभर लावा, चव एकच. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी अँटीबॉडीचं असं कलम साधलं. उंदराच्या प्लीहेतली पेशी अँटीबॉडी बनवते, पण प्रयोगशाळेत फार दिवस तगत नाही. मायलोमाची पेशी कर्करोगाची, तिचं विभाजन थांबतच नाही. दोन्ही एकजीव केल्या, की एकच अँटीबॉडी अखंड बनवत राहणारी पेशी मिळाली. (कलमात खुंट आणि डोळकाडी वेगळीच राहतात, तेव्हा उपमा इथे सोडू.) १९८४ चं नोबेल त्यांना मिळालं.

आता मला खरं सांगायचंय ते. एमएमपी-९ तयार होतं ते झोपलेल्या रूपात, वजन सुमारे ९२ किलोडाल्टन (हे रेणूच्या वजनाचं माप). त्याचाच एक तुकडा आतल्या जस्ताच्या अणूवर झाकण घालून बसलेला असतो. तो कापला गेला की एन्झाइम कामाला लागतं. बऱ्याच अँटीबॉडी दोन्ही रूपांत असलेल्या भागाला धरतात. म्हणजे एन्झाइम 'आहे' एवढंच त्या सांगतात, ते कामाला लागलंय का ते नाही. कोयता खुंटीला दिसला म्हणून नारळ उतरवले असं कोणी म्हणेल का? वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत, दोन पट्टे वेगळे दिसतात तरी. ऊतीच्या कापावर दोघांचा रंग एकच.

माझ्या एका विद्यार्थिनीने उंदराच्या ऊतीवर उंदराचीच अँटीबॉडी वापरली. सगळी काचपट्टी तपकिरी! पोरगी खूश, मीही पाच मिनिटं खूश होतो. मग पहिली अँटीबॉडी मुद्दाम न घातलेली पट्टी पाहिली. तीही तितकीच तपकिरी. दुसरी, रंग देणारी अँटीबॉडी उंदराच्या रक्तातल्या त्याच्याच अँटीबॉडींना चिकटली होती.