मोळीविक्यानं ऐकलेली कहाणी

नमस्कार श्रोतेहो.

चातुर्मासातल्या कहाण्यांमध्ये आदित्यराणूबाईची एक कहाणी आहे. श्रावणातल्या रविवारी ती वाचायची पद्धत. आटपाट नगरातल्या एका ब्राह्मणाच्या दोन लेकी. एक राजाच्या घरी दिलेली, दुसरी प्रधानाच्या. बारा वर्षांनी बाप समाचाराला जातो. राजाघरची लेक म्हणते, बाबा, बसा, गूळ खा, पाणी प्या. बाप म्हणतो, गूळ खात नाही, पाणी पीत नाही, माझ्या मनीची एक कहाणी आहे, ती आधी ऐक. यावर राणी काय म्हणते? ऐकायला मला वेळ नाही, राजा पारधीला जाणार आहे, भोजनाला उशीर होईल.

बाप उठतो तो तडक प्रधानाच्या घरी. तिथली लेक बसते, सहा मोती आणते, तीन त्याला, तीन आपल्याला. तो मनोभावे कहाणी सांगतो, ती चित्तभावे ऐकते. तिचं भलं होतं आणि राणीला दारिद्र्य येतं. फिरत फिरत तीही एकदा बहिणीच्या दारी पोचते, ऐकते आणि तिचे दिवस पालटतात. खरी गंमत इथून पुढे आहे. परतीच्या वाटेवर तिला ती कहाणी कोणाला तरी सांगायची असते, आणि ऐकणारा मिळत नाही! मुक्काम पडला की उपाशी माणूस शोधायचा. पहिल्या मुक्कामाला सापडतो मोळीविक्या. तोही आधी कुरकुरतो, कहाणी ऐकून माझं पोट भरणार आहे का? पण ऐकतो, आणि लाकडांची मोळी सोन्याची होते. पुढच्या मुक्कामाला माळी, त्याचा मळा पिकत नाही, विहिरीला पाणी नाही. मग म्हातारी, तिचे तीन मुलगे गेलेले. शेवटी काणा डोळा, मांसाचा गोळा, हात नाही, पाय नाही, असा रस्त्यात पडलेला माणूस.

आणि दर वेळी तेच शब्द. सहा मोती होते, तीन त्याला दिले, तीन आपण घेतले, मनोभावे सांगितली, चित्तभावे ऐकली. 

कहाण्यांचं छापील पुस्तक हातात घेतलं, की ही ओळ दुसऱ्यांदा आल्यावर डोळे पुढे पळतात. तिसऱ्यांदा तर आपण ती वाचतच नाही. हे तेच आहे, कळलं, पुढे काय ते सांगा. पण हीच कहाणी कोणी कानात सांगत असेल, तर पुढे पळता येत नाही. मोती मोजावेच लागतात. आणि म्हातारीपर्यंत येता येता असं होतं, की ‘सहा मोती’ ऐकलं की आपण आतून ‘तीन तिला’ म्हणून बसलेले असतो. कागदावर जे पाल्हाळ वाटतं, ते कानाला हवं असतं. आज मला बोलायचं आहे ते एवढ्यावरच. पुराणातल्या गोष्टी, परीकथा, कहाण्या या आता पुन्हा ऐकल्या जाताहेत, फोनवर, बोलक्या पुस्तकांमधून. मला वाटतं या गोष्टींना त्याचा फायदाच आहे. कादंबरीला तितका नाही.

बोलकी पुस्तकं ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. ब्रिटनमध्ये 1935 साली अंध वाचकांसाठी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ती निघाली. त्यात पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिकही होते. आपल्याकडेही कितीतरी स्वयंसेवकांनी अंध विद्यार्थ्यांसाठी कॅसेटवर पुस्तकं वाचून दिली, आजही ध्वनिमुद्रित करून देतात, आणि त्यांचं नाव सहसा कुठे लागत नाही. 2017 मध्ये स्टोरीटेल ही स्वीडनमधली कंपनी भारतात आली ती मराठीही घेऊन आली, आणि लोकल गाडीत हेडफोन लावून मराठी पुस्तक ऐकणारी माणसं दिसू लागली. रेडिओवर बसून रेडिओचं सांगायचं तर, पुणे केंद्रानं 1955 च्या रामनवमीला गीतरामायण सुरू केलं आणि वर्षभर, दर आठवड्याला, छप्पन गीतं ऐकवली. रामकथा ठाऊक नाही असं त्या श्रोत्यांत कोण होतं? कोणीही नाही. तरी लोक वेळेवर संचापाशी बसत. कथा ठाऊक असणं हे ऐकण्याच्या आड येत नाही, उलट ठाऊक असते म्हणूनच ती पुन्हा ऐकावीशी वाटते.

आता थोडं पैठणला जाऊ. सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता. काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात कथासरित्सागरात त्याची हकिकत दिली आहे. गुणाढ्य पैजेत हरला म्हणून त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा, तिन्ही सोडल्या. राहिली पिशाचांची भाषा, पैशाची. त्या भाषेत त्यानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजानं ती नाकारली. भाषा पिशाचांची आणि शाई रक्ताची, हे काय दरबारात ठेवायचं? गुणाढ्यानं रानात अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकायला सुरुवात केली. भोवती हरणं, रानडुकरं, रेडे जमले. चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. तिकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केलं, सुकं मांस खाण्यात येतंय. आचाऱ्यांना विचारलं, त्यांनी पारध्यांवर ढकललं, पारधी म्हणाले, महाराज, रानातली जनावरं काही खातच नाहीत, कोणी एक ब्राह्मण त्यांना गोष्ट वाचून दाखवतो. राजा धावत गेला, तोवर सहा लाख श्लोक जळले होते. उरले एक लाख.

या हकिकतीत एक बारकावा आहे. गुणाढ्यानं पानं नुसती जाळली नाहीत. जाळायच्या आधी वाचली, मोठ्यानं. दोन शिष्यांखेरीज कोणीच ऐकायला नसताना वाचायला लागला, आणि मग ऐकणारे आले.

त्याच ग्रंथाची सुरुवात तर आणखी मजेदार. शंकर पार्वतीला अशा कथा सांगायला बसतो ज्या आजवर कोणी ऐकल्या नाहीत. दाराशी नंदी पहाऱ्याला. पुष्पदंत नावाचा गण योगबळानं आत शिरून सगळं ऐकतो, घरी जाऊन बायकोला सांगतो, ती बायको ते पार्वतीलाच ऐकवते! पार्वतीचा जो संताप होतो, त्यातून शाप मिळतो आणि त्या शापामुळे कथा पृथ्वीवर येते. म्हणजे आपल्या सगळ्या कथांचं मूळ एका चोरून ऐकण्यात आहे. बिनपरवाना प्रती काढणाऱ्यांनी याचा आधार घेऊ नये, एवढीच विनंती.

छापलं गेलं तेव्हाही या गोष्टी आधी कानातूनच आल्या. ग्रिम बंधूंना कासेलजवळच्या खेड्यातली, भाजी विकायला शहरात येणारी डोरोथेआ फीमान गोष्टी सांगायची. त्यांनी लिहून ठेवलंय, की ती आधी मोकळेपणानं सांगे, मग सांगितलं तर पुन्हा सावकाश सांगे आणि शब्द बदलत नसे. चुकली तर मध्येच थांबून स्वतःच दुरुस्त करी. आणि आपल्याकडे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर 1865 च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांची मुलगी मेरी आपल्या आयाकडून गोष्टी ऐकत होती. ही आया ॲना लिबेराटा डिसूझा, तिच्या आजोबांनी गोव्याकडे ख्रिस्ती धर्म घेतला होता, मूळ घराणं लिंगायत. तिला गोष्टी मिळाल्या आजीकडून. मेरी ऐकायची, उतरवून घ्यायची आणि लिहिलेलं पुन्हा ॲनाला वाचून दाखवायची, काही सुटलं तर नाही ना बघायला. 1868 मध्ये लंडनला त्याचं पुस्तक निघालं. ते पुस्तक मला आवडतं, पण ते वाचताना जाणवतं, की ॲनाचा आवाज त्या नीटनेटक्या इंग्रजीखाली दबलाय. तिची आजी कुठे थांबत असेल, राक्षसाच्या वेळी आवाज कसा काढत असेल, हे आपल्याला कधीच कळणार नाही. ध्वनिमुद्रण तीस-चाळीस वर्षं आधी आलं असतं तर, असा विचार मनात येतोच.

आता ध्वनिमुद्रण आहे, तर आपण त्याचं काय करतो? इथे माझी तक्रार आहे. एका रेकॉर्डिंगमध्ये राजा घोड्यावर बसला म्हटल्याबरोबर टापा वाजल्या. रान आलं, रातकिडे आले. राक्षस आला तर आवाज खर्जात आणि त्याला प्रतिध्वनी. राणी रडली तर सारंगी. सांगणारीचा आवाज चांगला होता हो, पण तिच्यावर कोणाचा विश्वासच नव्हता. ‘घोर रान होतं’ हे वाक्य नीट म्हटलं तर रातकिडे ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप वाजतात. प्रत्येकाचे वेगळे. कोकणातल्या पोराचे वेगळे, चंद्रपूरच्या पोराचे वेगळे. ते रातकिडे हिसकावून घेऊ नयेत.

दुसरं, क्रियापदं. जुन्या पुस्तकांत कहाण्या ‘केलें’, ‘गेलें’, ‘दिलीं’ अशा अनुस्वारांसह छापलेल्या असत. नव्या आवृत्त्यांत अनुस्वार गेले आणि वाचणारी मंडळी सरळ ‘न्हाऊ घातले, जेवू घातले’ म्हणू लागली. कहाणी सांगणारी बाई ‘न्हाऊ घातलं, माखू घातलं, जेवू घातलं’ असंच म्हणते. एका मात्रेनं आजीचं स्वयंपाकघर जातं आणि तहसील कचेरी येते. आणि सगळ्या गोष्टी एकाच पुणेरी स्वरात का? सरोजिनी बाबरांनी महाराष्ट्रभरातून लोककथा गोळा करून छापल्या, त्या ज्या बोलीत सांगितल्या गेल्या त्या बोलीतले आवाज आजही आहेत. अहिराणी गोष्ट जळगावच्या बाईनं सांगितली तर मला चार शब्द कळणार नाहीत, कळू नयेत. तिसऱ्यांदा आले की कळतील.

तिसरं, वेग. फोनवर दीडपट वेगानं ऐकायची सोय असते. बातम्यांना चालेल, मुलाखतींना चालेल. कहाणीत मोळीविक्याला मोती दीडपट वेगानं दिले, तर ती यादी होते.

काम करता करता ऐकावं का, हे मला पुष्कळ जण विचारतात. खुशाल ऐका. विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन, रात्री, स्मशानाच्या वाटेवर चालता चालता वेताळाच्या गोष्टी ऐकत होता, कानात हेडफोन घालून फलाटावरून चालणाऱ्या आपल्या चाकरमान्यासारखा. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना ऐकायला या गोष्टी उत्तमच, कारण त्या कामं चालू असतानाच सांगितल्या जात आल्यात. कुकरची शिट्टी झाली आणि एक वाक्य हुकलं तर हुकू द्या, ते पुन्हा येणार आहे. कादंबरीत ते येत नाही, म्हणून कादंबरी ऐकताना आपण सारखे दहा सेकंद मागे जातो.

पण वेताळाची अट आठवा. बोललास तर मी परत झाडावर. गप्प बसून ऐकणारा श्रोता हा आपल्या कथांमध्ये अपवाद आहे, तिथे ती कसोटी म्हणून मुद्दाम घातलेली आहे. एरवी ऐकणाऱ्यानं ‘हुं’ द्यायचा असतो. हुंकार थांबला की सांगणारी विचारते, झोपलास का रे? रेकॉर्डिंगला हे कळत नाही. मूल झोपलं तरी ते बोलतच राहतं, मूल घाबरलं तरी बोलतच राहतं. बोलक्या पुस्तकाची ही खरी उणीव, आणि ती तंत्रज्ञानानं भरून निघेल असं मला वाटत नाही. घरातल्या माणसानं शेजारी बसावं लागतं.

बसलात तर थांबवायचं बटण वापरा. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडे कशात तरी लपवलेला असतो, तशीच एका जादूगाराची गोष्ट ॲनानंही मेरीला सांगितली होती. तिथे जीव पोपटात. माझ्या भाचीच्या पाच वर्षांच्या मुलाबरोबर मी राक्षसाची गोष्ट ऐकत होते आणि नेमकी तिथे थांबवली. विचारलं, सांग बघू, कशात असेल त्याचा जीव? तो म्हणाला, चार्जरमध्ये. मग पोपट ऐकल्यावर त्यानं बराच वेळ हुज्जत घातली, की पोपट पाळायचाच होता तर राक्षसानं तो घरीच का नाही ठेवला, रोज दाणे कोण घालत होतं. दाण्यांचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर केंद्राच्या पत्त्यावर जरूर कळवा.

नमस्कार.