बांधाच्या दोन बाजू

(दृश्य : ऑगस्टची सकाळ, काळं रान, मधोमध बांध.)

लातूर भागातल्या या शिवारात जूनअखेर, एकाच वाफशावर सोयाबीनचे दोन वाण पेरले.

डावीकडे जेएस ९३-०५. पान भाल्याच्या पात्यासारखं अरुंद, आणि कितीतरी शेंगांत चार-चार दाणे. पानाचा हा आकार आणि चार दाण्यांची शेंग, दोन्हींच्या मागे एकच जनुक आहे.

उजवीकडे फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचा वाण. पान रुंद, झाड उंच. डावीकडचं पीक नव्वदीच्या आसपास काढणीला येतं, याला १०० ते १०५ दिवस लागतात.

(दृश्य : फांद्या बाजूला सारून कॅमेरा झाडाच्या आत.)

शेंड्याच्या पानावर भर दुपारी त्याला पेलवेल त्याहून जास्त ऊन पडतं, आणि खालचं पान मात्र अंधारात पिवळं होऊन गळतं. अरुंद पानांमधून ऊन खाली झिरपतं, रुंद पानांवर ते अडतं. म्हणूनच एकरी ३० किलो बियाण्याची जुनी सवय फुले संगमला लावलेली पाहिली की जीव हळहळतो. दाटीत झाड उन्हासाठी नुसतं उंच धावतं, लोळतं, आणि खालची पेरं शेंगांवाचून रिकामी राहतात.

(दृश्य : उपटलेलं रोप, मुळांवरच्या गाठी.)

ही गाठ फोडली तर आत गुलाबी आहे. म्हणजे हवेतलं नत्र बांधण्याचं काम चालू आहे. त्यासाठी लागणारी साखर पानच पुरवतं. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, त्यामुळे दाणे भरताना नत्राची भूक अफाट असते. गाठी थकल्या की झाड स्वतःच्या पानांतलं नत्र ओढून दाण्यांना देतं. पान पिवळं पडतं, प्रकाशसंश्लेषण उतरतं.

अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९२३ ते २००७ या काळातले २४ वाण एकत्र लावून तपासले गेले. नव्या वाणांनी ऊन अधिक झेललं, त्यातून वाढ अधिक केली, आणि त्या वाढीचा मोठा वाटा दाण्यात उतरवला.

पण आपलं पीक पावसाच्या भरवशावरचं. मुरमाड रानात सप्टेंबरात पावसाने ताण दिला, की पाणी वाचवायला पान आपली रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मिटून घेतं. मग डोक्यावर लख्ख ऊन असूनही कर्बवायू आत शिरत नाही, अन्न तयार होत नाही. अशा रानात लवकर दाणा भरून मोकळा होणारा वाणच मला खरा वाटतो. त्याच्यामागून हरभराही वेळेवर पेरता येतो. भारी, ओल धरणाऱ्या जमिनीत मात्र ते जास्तीचे दिवस दाण्याचं वजन वाढवतात.

(दृश्य : सप्टेंबरअखेर, तोच बांध.)

डावीकडची पानं झडलीत, शेंगा वाजू लागल्यात. उजवीकडे पान अजून हिरवं आहे, दाणा भरतो आहे. त्याला आणखी एक पाऊस हवा.