उघडे दार आणि देवाची वेळ

श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावाने आपणा सर्वांना नमस्कार.

नोकरीचे पत्र हातात आहे, होकार उद्या सकाळपर्यंत कळवायचा आहे आणि रात्रभर प्रार्थना करूनही मन कशावर ठरत नाही. अशा वेळी 'देवाच्या वेळेवर भरवसा ठेवा' हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण म्हणजे नेमके करायचे काय, हे उमगत नाही. आज त्याच अडचणीविषयी बोलणार आहे.

इस्राएलाचा राजा शौल गिलगालात होता. समोर पलिष्ट्यांचे सैन्य जमले होते, मी येऊन अर्पण करीन, तोवर सात दिवस थांब, असे शमुवेल संदेष्ट्याने सांगितले होते, आणि मुदत भरली तरी शमुवेलाचा पत्ता नव्हता. इकडे लोक पांगू लागले. शेवटी शौलाने स्वतःच होमबली अर्पण केला आणि ते आटोपते न आटोपते तोच शमुवेल येऊन पोहोचला. लोक निघून चालले होते, तुम्ही वेळेवर आला नाहीत, म्हणून मनाविरुद्ध हे केले, अशी शौलाची सबब आहे. खरे सांगायचे तर ही सबब मला फार ओळखीची वाटते, कारण घाईने घेतलेल्या निर्णयांना आपणही पुढे 'नाइलाज' असेच नाव देतो.

पुढे याच शौलापासून जीव वाचवत दावीद एन-गेदीच्या गुहेत लपलेला असताना शौल नेमका त्याच गुहेत एकटा शिरला. परमेश्वराने सांगितलेला दिवस तो हाच, असे दाविदाचे सोबती म्हणू लागले, आणि त्यांचे म्हणणे वरवर खोटेही नव्हते. शत्रू हाताशी होता आणि पुढचा राजा म्हणून दाविदाचा अभिषेक तर केव्हाच झाला होता. दाविदाने मात्र शौलाच्या झग्याचा काठ तेवढा कापून घेतला आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. राज्याचे वचन देवाचे होते, पण राजाच्या रक्ताने ते मिळवण्याची वाट देवाची नव्हती, हे त्याने ओळखले. सगळे जुळून आले म्हणजे देवाची वेळ आली, असे आपण किती सहज म्हणतो! हे पाऊल टाकताना मला कोणाला फसवावे लागते आहे का, देवाची एखादी आज्ञा बाजूला सारावी लागते आहे का, हे आधी विचारलेले बरे.

थांबणे म्हणजे हात जोडून नुसते बसणेही नव्हे. यरुशलेमेचा तट पडलेला आहे, ही बातमी पारसाच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्या या यहूद्याला किसलेव महिन्यात मिळाली आणि राजाशी त्याविषयी बोलणे झाले ते नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे 4 महिन्यांनी. राजाने विचारताच त्याने मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली आणि लगोलग परतण्याची मुदत सांगितली, सुभेदारांसाठी पत्रे मागितली, इतकेच काय, तुळयांच्या लाकडासाठी राजाच्या वनाच्या रखवालदाराच्या नावेही पत्र मागितले. इतके नेमके उत्तर ऐनवेळी सुचत नाही. उपासाच्या आणि प्रार्थनेच्या त्या दिवसांत त्याने प्रवासाचा आणि बांधकामाचाही विचार केला असावा, असे मला वाटते.

दुसरी एक पळवाटही आहे. निर्णयाची भीती वाटते म्हणून 'अजून देवाची वेळ आली नाही' असे म्हणत कित्येक जण वर्षे घालवतात. प्रेषित पौलाला आशिया प्रांतात वचन सांगण्याची पवित्र आत्म्याकडून मनाई झाली, बिथुनिया प्रांताची वाट बंद झाली, तरी तो चालत राहिला, आणि त्रोवस शहरात मासेदोनियाचा एक माणूस मदतीला बोलावतो आहे असा दृष्टांत होताच त्याने व त्याच्या सोबत्यांनी निघण्याची तयारी केली.

तेव्हा, त्या पत्राचे काय करावे? चार दिवसांची मुदत मागून पाहावी. त्यात अविश्वास मुळीच नाही. एखाद्या जाणत्या विश्वासणाऱ्याशी बोलावे. मुदत मिळालीच नाही, तर जेवढे समजले आहे तेवढ्यावर प्रामाणिकपणे होकार किंवा नकार कळवावा. नहेम्याची राजापुढची प्रार्थना प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या क्षणात मावली होती. उद्या सकाळी फोन उचलण्यापूर्वी तेवढा वेळ आपल्यालाही मिळेल. नमस्कार.