जीकॉम्प्री: न वाजणारे आवाज, न दिसणारी चित्रं

[दृश्य: संगणकाचा पडदा. अक्षर ओळखण्याचा खेळ सुरू आहे. आगगाडीच्या डब्यांवर इंग्रजी अक्षरं.]

भाषा बदलली, तरी डब्यांवर ए, ई, आय तशीच राहिली. शाळेत असं झालं की ‘खेळ बिघडलाय’ म्हणून तो बंद केला जातो. खरं तर खेळ सांगितल्याप्रमाणेच वागतो आहे. त्या भाषेची अक्षरांची यादी सापडली नाही, म्हणून त्याने इंग्रजी यादी उचलली.

खेळाचं नाव जीकॉम्प्री. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा हा मोफत संच ब्रूनो कूदोआँ यांनी २००० साली फ्रान्समध्ये सुरू केला. २०१४ पासून तो केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात नव्याने लिहिला गेला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्यात शंभरावर खेळ आहेत. मूळ कोड सर्वांसाठी खुला असल्यामुळे आत काय भरलंय आणि त्यातलं काय वापरलंच जात नाही, हे कुणालाही तपासता येतं.

[दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. शाळा सुटते आहे.]

सोलापुरात ही तपासणी विशेष गरजेची आहे. एका बाकावरच्या तीन मुलांच्या घरी मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलली जात असेल, पलीकडच्या रांगेत उर्दू. खेळाची भाषा बदलल्यावर कुणाच्या वाट्याला काय येतं आणि काय येत नाही, ते इथे एकाच वर्गात दिसतं.

[दृश्य: कोडची फोल्डरं.]

आधी रचना पाहू. प्रत्येक खेळाचं स्वतःचं फोल्डर असतं आणि त्यात ‘रिसोर्स’ नावाचं उपफोल्डर. चित्रं, पातळ्या, शब्दांच्या याद्या तिथे असतात. कोणते खेळ मेनूत घ्यायचे, ते ‘ॲक्टिव्हिटीज’ नावाच्या एका साध्या मजकूर फाइलमध्ये ओळीने लिहिलेलं असतं. फोल्डर आहे पण यादीत नाव नाही, तर तो खेळ मुलांना कधीच दिसणार नाही. न वापरलेल्या सामग्रीचा हा सर्वात सोपा प्रकार: फोल्डरांची नावं एका बाजूला, यादी दुसऱ्या बाजूला, आणि जुळवणी. त्यात ‘टेम्प्लेट’ हे फोल्डर सापडेल. नवा खेळ लिहिणाऱ्यांसाठीचा तो साचा आहे, त्याला अर्धवट सोडलेला खेळ समजू नका.

चित्रांचं जरा अवघड आहे. खेळ बांधताना, म्हणजे कोडपासून चालणारा खेळ तयार करताना, ‘रिसोर्समधलं सगळं घ्या’ अशी सरसकट सूचना दिलेली असते. त्यामुळे एखादं चित्र कोडमधून काढून टाकलं, पण फाइल पुसायची राहिली, तर ते तसंच पॅक होऊन हजारो संगणकांवर जातं. अशी चित्रं शोधायला प्रत्येक फाइलचं नाव कोडमध्ये शोधायचं. इथे एक मोठी फसगत होते. कितीतरी नावं खेळ चालू असताना तयार होतात: आधी शब्द, मग पातळीचा आकडा, शेवटी विस्तारनाम, म्हणजे नावातल्या टिंबानंतरचा, फाइलचा प्रकार सांगणारा भाग. पूर्ण नाव कोडमध्ये कुठेच सापडत नाही, तरी चित्र वापरात असतं. म्हणून पूर्ण नाव सापडलं नाही की आकडा आणि विस्तारनाम सोडून उरलेला भाग शोधा. तोही नसेल, तर आपल्या प्रतीत फाइलचं नाव बदला, खेळ पुन्हा बांधा, टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, चालवा आणि शेवटच्या पातळीपर्यंत खेळा. फाइल खरंच लागत असेल, तर ती उघडता आली नाही अशी तक्रार टर्मिनलमध्ये उमटते. पहिल्या पातळीवर थांबून निकाल देऊ नका.

[दृश्य: भाषांतराची फाइल, खाली सरकत जाते.]

मूळ वाक्यं आणि त्यांची भाषांतरं जोडीने ठेवणाऱ्या पीओ फाइलच्या तळाशी गेलात, तर काही ओळींच्या सुरुवातीला हॅश आणि तरंगासारखी खूण दिसेल. हे कालबाह्य मजकूर. मूळ वाक्य खेळातून गेलं, भाषांतर फाइलमध्ये राहिलं. वरच्या भागात ‘फझी’ अशी खूण असलेल्या नोंदी असतात. मूळ वाक्यात थोडा बदल झाला की जुनं भाषांतर संशयित ठरतं, आणि कुणी तपासून खूण काढेपर्यंत पडद्यावर इंग्रजीच दिसतं. कुणीतरी वेळ काढून लिहिलेली चांगली मराठी वाक्यं अशी अडकून पडतात, याची खरोखर हळहळ वाटते, कारण अनेकदा फरक एका स्वल्पविरामाचा असतो. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनसंचातली एमएसजीएफएमटी ही आज्ञा ‘स्टॅटिस्टिक्स’ पर्यायासह चालवा. किती नोंदी पूर्ण, किती फझी, किती कोऱ्या, हे लगेच कळतं. भाषेला हात लावायचा तर सुरुवात फझीपासून करा. कमी श्रमात जास्त मजकूर पडद्यावर येतो.

आता आवाज. शब्दांचे आणि अक्षरांचे आवाज खेळासोबत येतातच असं नाही, ते भाषेनुसार इंटरनेटवरून उतरवले जातात. जोडणी नसलेल्या संगणकावर चित्र दिसतं, शब्द दिसतो, आवाज येत नाही. सेटिंगमध्ये आवाज आपोआप उतरवण्याचा पर्याय चालू ठेवून प्रत्येक भाषा एकदा निवडा. हे शाळेत यंत्र बसवण्याआधी करा.

शब्दांच्या फाइलींना सगळ्या भाषांत इंग्रजीच नाव असतं. सफरचंदाचा मराठी आवाजही ‘ॲपल’ याच नावाखाली असतो. अक्षरांच्या आवाजाला युनिकोड क्रमांकाचं, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या क्रमांकाचं, नाव असतं: ‘क’ म्हणजे यू ०९१५, ‘ळ’ म्हणजे यू ०९३३.

इथूनच एक मोह होतो. हिंदी आणि मराठीची लिपी एक, क्रमांक एक, फाइलींची नावंही तीच. मग हिंदीचं फोल्डर मराठीच्या नावाने चिकटवलं की काम झालं? ऐकून पाहा. ‘ज्ञ’ ला ‘ग्य’ ऐकू येईल, ‘ऋ’ ला ‘रि’. ‘च’ चा उच्चार ‘चार’ मधला मिळेल, ‘चाक’ मधला नाही. आणि ‘ळ’ दाबला की काहीच नाही, कारण हिंदीच्या वर्णमालेत तो नाही. तेलुगू आणि कन्नड घरांतल्या मुलांना ‘ळ’ घरूनच येतो. त्यांच्यासमोर तेवढंच अक्षर मुकं राहणं बरोबर नाही.

[दृश्य: दोन याद्या शेजारी शेजारी.]

जुळवणीची रीत अशी. भाषेच्या शब्दयादीतली नावं एका फाइलमध्ये, आवाजांच्या फोल्डरमधली नावं दुसऱ्या फाइलमध्ये. ओजीजी, एएसी, एमपी३ ही विस्तारनामं आधी काढून टाका, नाहीतर सगळंच वेगळं दिसेल. दोन्ही याद्या ‘सॉर्ट’ करा, मग दोन याद्यांतला फरक दाखवणारी ‘कॉम’ (सी-ओ-एम-एम) ही आज्ञा चालवा. पहिल्या रकान्यात आवाज नसलेले शब्द, दुसऱ्यात शब्द नसलेले आवाज. दुसरा रकाना म्हणजे त्या भाषेपुरती न वापरलेली सामग्री. ती पुसण्याआधी कारण शोधा. समजा, समुद्री आणि जमिनीवरचं अशी दोन कासवं आहेत. इंग्रजीत नावं दोन, मराठीत दोन्ही ‘कासव’. शब्दासाठी चार चित्रांतून एक निवडायचं असताना दोन्ही आली, तर मुलाचं बरोबर उत्तर चूक ठरतं. यादी करणाऱ्याने एक मुद्दाम वगळलं असेल.

आकड्यांत फरक आणखी खोल आहे. तेलुगूत एकवीस म्हणजे ‘इरवै ओकटि’, कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’: आधी वीस, मग एक. मराठीत आधी एक, मग वीस, आणि एकोणतीस तर पुढच्या दशकाकडून मोजायचा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी मांडणी आली, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. खेळापुरतं सांगायचं, तर मराठीत ‘वीस’ आणि ‘एक’ असे तुकडे जोडून आकडा बोलवता येत नाही. शून्य ते नव्व्याण्णव, शंभर वेगळी ध्वनिमुद्रणं लागतात. शिवाय मराठी निवडल्यावर संगणकाची भाषाव्यवस्था आकडे देवनागरीत देते, हिंदीत मात्र इंग्रजी आकडेच येतात. कोडमध्ये काही ठिकाणी आकडा या व्यवस्थेतून आला आणि काही ठिकाणी थेट, तर एकाच पडद्यावर ‘५’ आणि त्याचं इंग्रजी रूप शेजारी दिसतात.

[दृश्य: कीबोर्ड, भारतीय लिप्यांसाठीची इनस्क्रिप्ट मांडणी.]

टंकनाच्या खेळात आणखी एक खोच आहे. ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिता येतो: २००८ साली युनिकोडमध्ये आलेलं एक अक्षर, किंवा ‘अ’ वर चंद्र. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. यादीत एक आणि मुलाने दुसरा टाइप केला, तर उत्तर चूक. यादीत सगळीकडे एकच रूप ठेवा. शब्दातलं अक्षर शोधण्याच्या खेळात ‘क्षेत्र’ तपासा: आपल्याला दोन अक्षरं, साध्या कोडला सात तुकडे. मात्रा एकटी, ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसली, तर दोष शब्दांच्या यादीचा नाही. कोड शब्द तोडतोय, तो दुरुस्त करावा लागेल. तोवर पहिल्या पातळ्यांत ‘नळ’, ‘घर’, ‘बदक’ असे बिनमात्रेचे, बिनजोडाक्षरांचे शब्द ठेवा.

उरलेले आवाज ध्वनिमुद्रित करताना यंत्रमागाचा खडखडाट थांबलेली वेळ निवडा, पंखा बंद करा, एकाच व्यक्तीचा आवाज एका बैठकीत घ्या. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीची शांतता कापा, नाहीतर मूल पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतं. फाइली आणि दोन्ही रकान्यांच्या याद्या केडीईच्या जीकॉम्प्री चमूकडे पाठवा. यादीवर खेळाची आवृत्ती लिहा, कारण पुढच्या आवृत्तीत शब्द बदलले की जुळवणी पुन्हा करावी लागते.