आधी छत, मग खुर्च्या

(दृश्य: रिकामं सभागृह. रंगमंचावर बादली.)

पाऊस थांबून दोन दिवस झाले, तरी बादलीत टपटप चालूच आहे. पत्रा फुटला असेल, असं वाटतं. पण मराठवाड्यातल्या अशा जुन्या सभागृहांत दोष बहुतेकदा पन्हळीचा असतो. पालापाचोळा आणि कबुतरांची घाण साचून तिचं तोंड बुजतं, पाणी तुंबतं आणि भिंतीत मुरतं. दुसरी जागा पत्रा घट्ट धरणाऱ्या हुकांची. मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो, पत्रा दिवसा पसरतो, रात्री आखडतो. त्यात हुकाखालचा वॉशर फाटतो. वॉशर स्वस्तच, पण वर चढणार कोण?

(दृश्य: बाल्कनीखालची उघडी सळई.)

ओल सळईपर्यंत पोचली की खरं दुखणं सुरू. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, काँक्रीट आतून फोडतो. वरून गिलावा आणि रंग मारला की उद्घाटनापुरतं झाकतं. खरं बघायचं तर काँक्रीट ताजं फोडा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग दाखवणारं रसायन शिंपडा. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला जपतंय. रंग चढलाच नाही तर गंजाला वाट मोकळी. मग सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, गंज घासायचा, गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मॉर्टारने, म्हणजे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने, भरायचं. सळई फार झिजली असेल तर शेजारी नवी.

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. 2002 मध्ये तो तिसऱ्यात गेला. म्हणजे त्याआधीच्या तिथल्या सभागृहांचं गणितच हलक्या धक्क्याचं. त्यात सभागृहाला मधे आडव्या भिंती नसतात, उंच भिंती एकट्या उभ्या. इमारतीच्या तपासणीचा अहवाल नीट वाचावा, त्यात धोक्याप्रमाणे वर्ग दिलेला असतो: सी-1 म्हणजे पाडा; सी-2ए म्हणजे रिकामं करून दुरुस्ती. नुसती जीर्ण दिसते म्हणून इमारत सी-1 होत नाही.

विजेचं थोडक्यात. हजार वॅटचे 20 दिवे एकाच फेजवर लावले तर सुमारे 87 अँपिअर. जुनी वायर तापते, म्हणून भार तिन्ही फेजवर वाटायचा.

निधी आला की पहिल्यांदा खुर्च्या येतात, कारण त्या फोटोत दिसतात. पन्हळ कुणाच्या फोटोत येत नाही. पत्र्यांचं काम होळीनंतर सुरू करून मृगाआधी संपवायचं असतं. निविदा बहुधा मार्चअखेर निघते आणि पत्रे उतरतात नेमके मृगात.