पाळीची वही

नमस्कार श्रोतेहो.

आज रविवार आहे, आणि इंदुरातल्या मराठी ख्रिस्ती घरांमधून आत्ता उपासनेला निघण्याची लगबग चालली असेल. त्या घरांत रोज बोलला जाणारा एक शब्द घेऊन मी आज आपल्यासमोर आले आहे, आणि तो शब्द म्हणजे 'मंडळी'. मराठी ख्रिस्ती माणूस इमारतीला चर्च किंवा देऊळ म्हणतो, पण त्या इमारतीत जमणाऱ्या माणसांना तो मंडळी म्हणतो. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया' असा आहे आणि त्याचा अर्थ बोलावून एकत्र आणलेली सभा असा होतो. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, त्याच्या जागी 'मंडळी' आले, याचा मला मनापासून आनंद आहे, कारण आपण 'घरची मंडळी' म्हणतो, 'पंगतीला बसलेली मंडळी' म्हणतो, आणि कोणी एकटा माणूस कितीही धार्मिक असला तरी त्याला मंडळी म्हणता येत नाही. आमच्या शहरातली मुले हिंदीच्या सवयीने हा शब्द 'मंडली' असा उच्चारतात आणि मी प्रत्येक वेळी त्यांना थांबवून 'ळ' म्हणायला लावते. घरात मराठी बोलणाऱ्या आईवडिलांनी एवढे एक अक्षर तरी मुलांच्या जिभेवर टिकवावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आजचा विषय आहे मंडळीच्या सभासदांची सामाईक जबाबदारी. सामाईक हा शब्द आपण वाड्यातल्या विहिरीसाठी आणि भिंतीसाठी वापरत आलो आहोत, आणि सामाईक भिंतीचे पुढे काय होते हेही आपण जाणतो. ती दुरुस्त करणे शेजाऱ्याचे काम आहे, असे दोन्हीकडच्यांना वाटत राहते. मंडळीतही तसेच घडते. आजाऱ्याला भेटायला पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, जातील, भांडण पाळकसाहेब मिटवतील, मुलांना पाळकसाहेब शिकवतील, आणि आपण रविवारी वेळेवर येऊन थैलीत अर्पण टाकले की आपले कर्तव्य झाले, अशी समजूत घट्ट बसलेली आहे. ही समजूत शास्त्राला धरून नाही, आणि ती कशी नाही हे सांगण्यासाठी मी नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाकडे आपले लक्ष वेधते.

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत पहिली तक्रार उठली ती जेवणावरून. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी तेव्हा सगळ्या मंडळीला एकत्र बोलावले आणि सांगितले की तुमच्यातूनच सात जण निवडा. हे मी पुन्हा सांगते, कारण ऐकताना ते सहज निसटते: निवड प्रेषितांनी केली नाही, निवड मंडळीने केली. स्तेफन आणि फिलिप्प यांची नावे आपल्या ओळखीची आहेत, पण सातही नावे एकदा सावकाश वाचून पाहावीत. ती सातही ग्रीक नावे आहेत. ज्या गटाच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्या गटाकडची ही माणसे असावीत असे त्या नावांवरून दिसते, आणि वाटणीचे काम मंडळीने त्यांच्याच हाती सोपवले. हा अध्याय मी शाळेत असल्यापासून वाचत आले होते, पण तो मला कळला 1993 साली, आणि तो कळला एका वहीमुळे.

त्या वर्षी जुलैच्या पावसात आमचे पाळकसाहेब स्कूटरवरून घसरले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यांना एम. वाय. रुग्णालयात नेले, पायाला वजन बांधले, आणि सहा आठवडे असेच पडून राहावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. पाळकीणबाई दिवसरात्र त्यांच्या उशाशी होत्या, आणि स्वयंपाक करायला घरी कोणीच नव्हते. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, शाळेत शिकवत होते आणि महिला मंडळाची चिटणीस होते. रविवारी उपासना संपल्यावर असे ठरले की रोज दोन डबे पोचले पाहिजेत, एक दुपारचा आणि एक संध्याकाळचा. सहा आठवड्यांचे चौऱ्यांशी डबे झाले. पाळ्या लावण्याचे काम माझ्याकडे आले. मी दोनशे पानी वही घेतली, पट्टीने रेघा आखल्या, तारीख, वार, वेळ आणि कुटुंबाचे नाव असे रकाने पाडले, आणि त्याच रात्री बसून नावे लिहून काढली. ती वही चर्चच्या व्हरांड्यात, चपला काढतो त्याच्या वर, खिळ्याला दोरीने टांगून ठेवली.

आमच्या मंडळीत तेव्हा चौतीस कुटुंबे होती. मी वहीत एकतीस लिहिली. तीन नावे मी विसरले नव्हते. ती मी विचारपूर्वक गाळली होती, आणि त्या रात्री मला त्यात दयाभाव दिसला होता. त्यांतले एक कुटुंब थकलेल्या नवराबायकोचे होते. दुसरे नाव एका विधवा बाईंचे होते. त्या वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या आणि तिथेच एका खोलीत राहत होत्या. तिसरे घर परदेशीपुऱ्यातले. त्या घरचे दादा गिरणीत विणाई खात्यात होते. गिरणी बंद पडली होती, थकलेला पगार मिळाला नव्हता, त्यांची पत्नी साड्यांना फॉल लावून घर चालवत होती आणि दोन मुले शिकत होती. त्या वर्षांत इंदुरातल्या किती घरांची हीच अवस्था होती, हे इथल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. अशा घरावर दोन माणसांच्या जेवणाचा भार कशाला टाकायचा, असे मला वाटले.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर लोक पांगले, मी गीतांची पुस्तके गोळा करत होते, आणि दादा व्हरांड्यात त्या वहीपाशी उभे होते. त्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली असावी. मी बाहेर आले तेव्हा ते म्हणाले, "बाई, आमचं नाव वहीतून कटलं का?"

मी म्हणाले, "कटलं नाही दादा, मी लिहिलंच नाही. तुमच्यावर आणखी भार नको, म्हणून."

ते काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाळकसाहेबांनी माझ्या दोन्ही पोरांना बाप्तिस्मा दिला. माझी आई गेली तेव्हा मातीला ते उभे होते. गिरणी बंद झाली तेव्हा मंडळीनं आमच्या घरी धान्य पाठवलं, ते मी घेतलं, मला त्याची लाज नाही वाटली. पण घेताना आमचं नाव यादीत होतं, आणि द्यायची वेळ आली तर नाही. मग आम्ही मंडळीत कशाला आहोत, फक्त घ्यायला?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. मी तिथेच त्यांच्यासमोर पेन काढले आणि गुरुवारच्या संध्याकाळी त्यांचे नाव लिहिले. त्यांनी ते वाकून वाचले आणि मगच चपला घातल्या.

गुरुवारी मी शाळा सुटल्यावर मुद्दाम रुग्णालयात गेले. पाऊस कोसळत होता. दादा परदेशीपुऱ्याहून चालत आले होते, आणि डब्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून तो त्यांनी शर्टाच्या आत छातीशी धरला होता, त्यामुळे ते स्वतः चिंब भिजले होते आणि डबा कोरडा होता. डब्यात ज्वारीच्या भाकऱ्या होत्या, पिठले होते, लसणाची चटणी होती आणि फोडलेला कांदा होता. आम्ही एकतीस घरांनी आठवडाभर आजाऱ्याचे जेवण म्हणून मऊ भात, वरण आणि दुधीची भाजी पाठवली होती; पाय मोडलेल्या माणसाचे पोट धडधाकट असते, हे आम्हांपैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. पाळकसाहेब मूळचे नगर जिल्ह्यातले. त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीचा तुकडा मोडत दादांशी गिरणीच्या तारखेबद्दल, मुलांच्या फीबद्दल बोलत राहिले; तो त्या आठवड्यातला पहिला दिवस होता जेव्हा मी त्यांना दुसऱ्या कोणाची विचारपूस करताना पाहिले.

त्या रात्री मी उरलेल्या दोन्ही घरी गेले. थकलेल्या जोडप्याने आनंदाने दुपारची पाळी घेतली, आणि ती घेताना आजोबांनी मला विचारले की इतका उशीर का केला. वसतिगृहातल्या बाई मात्र म्हणाल्या की माझी स्वतःची चूल नाही, दुसऱ्याच्या सामानातून मी डबा कसा भरू? मी मान हलवून उठणार तेवढ्यात त्यांनीच विचारले, "पाळकीणबाई रात्री कुठे झोपतात?" मला ते ठाऊक नव्हते. एकतीस कुटुंबांतल्या कोणालाच ठाऊक नव्हते. पाळकीणबाई बारा रात्री वॉर्डातल्या लोखंडी स्टुलावर बसून, खाटेच्या कडेला डोके टेकून झोपत होत्या. बाई म्हणाल्या की शनिवारी रात्री मी तिथे बसते आणि त्यांना घरी पाठवा. त्या शनिवारी पाळकीणबाई इतक्या दिवसांनंतर प्रथमच आपल्या घरी अंथरुणावर झोपल्या, आणि वहीत मी डब्यांशेजारी 'रात्र' असा नवा रकाना आखला. पुढे तो रकानाही रोज भरत गेला.

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात मासेदोनियातील मंडळ्यांविषयी लिहिले आहे. त्या स्वतः अत्यंत गरिबीत होत्या, आणि तरीही यहूदीयातील पवित्र जनांसाठी चाललेल्या मदतीत आम्हालाही भाग घेऊ द्या, अशी त्यांनी पौलाकडे विनवणी केली. विनवणी त्यांनी केली, हे लक्षात घ्यावे. देणे ही त्यांना कृपा वाटली. मी वहीतून नाव गाळले तेव्हा मी एका कुटुंबाचा भार हलका केला नव्हता, त्यांच्या वाट्याची कृपा मी काढून घेतली होती. जबाबदारी सामाईक आहे याचा अर्थ ती सर्वांवर आहे, आणि याचा अर्थ ती सर्वांची आहे. दुसरा अर्थ पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि आपण तो विसरतो.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून बाकीच्या जबाबदाऱ्या मी थोडक्यात मांडते. आमच्याकडे बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा पाळक सगळ्या मंडळीला उभे करतात आणि या बाळाला विश्वासात वाढवण्यास तुम्ही साहाय्य कराल काय, असे विचारतात. आपण होय म्हणतो, बसतो, आणि पुढच्या वर्षी शब्बाथ शाळेला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, शिक्षक मिळत नाही. ते 'होय' आपण सर्वांनी म्हटलेले असते. भांडणाच्या बाबतीत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात क्रम घालून दिला आहे: ज्याने अपराध केला त्याच्याकडे आधी एकट्याने जावे, मग एकदोघांना बरोबर घ्यावे, आणि त्यानंतर मंडळीला सांगावे. आपण हा क्रम उलटा करतो. आधी सगळ्यांना कळते आणि ज्याच्याशी बोलायचे त्याला शेवटी. हिशेबाचेही तसेच आहे. वार्षिक सभेत जमाखर्च वाचायला लागले की निम्मे लोक चहाकडे वळतात, आणि पुढे वर्षभर तेच लोक पैशांविषयी शंका घेतात. बसून ऐकणे आणि तिथेच विचारणे हे सभासदाचे काम आहे. हल्ली अर्पणही फोनवरून दिले जाते आणि त्याला माझा विरोध नाही, पण आईवडिलांचा हात थैलीत जाताना मुलांनी पाहिला पाहिजे, असे मला वाटते. निदान एक नाणे तरी मुलाच्या मुठीत द्यावे.

मध्य भारतात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम इंदुरात 1877 मध्ये सुरू झाले आणि 1887 मध्ये इथले ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले. त्या परंपरेतून आमच्याकडे निवडून दिलेल्या वडिलांची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांची, पद्धत आली. 'प्रेस्बिटर' या ग्रीक शब्दाचा अर्थच वडील असा आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली, तेव्हा वेगवेगळ्या रीतींच्या लोकांनी आपापले काही सोडून एकत्र कारभार करण्याचे ठरवले. कारभारात हात असणे हा आपल्याला मिळालेला वारसा आहे, आणि कमिटीच्या निवडणुकीला घरी बसून तो चालत नाही.

ती दोनशे पानी वही भरून गेली, तिच्यानंतर आणखी तीन झाल्या. आता पाळ्या लावण्याचे काम युवक संघातली एक मुलगी फोनवर करते आणि माझ्यापेक्षा नीट करते. गेल्या महिन्यात मंडळीतल्या एका घरी बाळंतपण झाले आणि डब्यांची यादी निघाली. तिने मला फोन केला आणि संकोचून म्हणाली, "बाई, तुमचे गुडघे दुखतात, जिना चढावा लागेल. तुमचं नाव यावेळी राहू देऊ का?"

मी तिला म्हणाले, "मंगळवार संध्याकाळ लिही."

नमस्कार.